आबांच्या हातची टेप

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारी माणसं हसतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मला कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्डही नाही. माझं हँडल बैलाच्या शिंगांसारखं पुढं आलेलं आहे आणि त्याच्या मधोमध कोपरं टेकायला दोन लहान गाद्या आहेत. माझ्यावर बसायचं म्हणजे जवळजवळ पालथं झोपायचं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला बघून विचारलं होतं, "ही मोडलीया का अशीच हाय?" मी अशीच आहे. घड्याळाशी शर्यत लावणारी मी एक जुनी सायकल आहे.

आमच्या शर्यतीला टाइम ट्रायल म्हणतात आणि सायकलवाले मला नुसतं 'टीटी' म्हणतात. साध्या शर्यतीत सगळे एकदम सुटतात, एकमेकांच्या आडोशानं पळतात आणि वारा वाटून घेतात. आमच्यात तसं नसतं. दर मिनिटाला एकेक स्वार सुटतो. शेजारी कोणी नाही, पुढं आडोसा नाही, समोरचा सगळा वारा एकट्यानं छातीवर घ्यायचा. ज्याला कमीत कमी वेळ लागेल तो जिंकला. मला ही रीत आवडायची. दुसऱ्याच्या पाठीमागं लपून पळणाऱ्या सायकलींबद्दल माझं मत तेव्हा फारसं बरं नव्हतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही, फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यातला लांबलचक अंधार आठवतो. पुण्याच्या एका गृहस्थांनी मला हौसेनं विकत घेतलं आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलं. पाहुणे आले की ते माझ्याबद्दल भरभरून बोलायचे. माझ्यावर ते दोनदाच बसले आणि दुसऱ्यांदा त्यांची पाठ धरली. मग काही वर्षं मी भिंतीवरच होते. कौतुक खूप होत होतं, पण चाकं फिरत नव्हती.

तिथून मला दादासो हवालदारांनी आणलं. ते कराडजवळच्या एका गावचे. फौजेत असताना त्यांनी पलटणीकडून सायकलच्या शर्यती मारल्या होत्या. आता निवृत्त होऊन ऊस बघत होते. मला अंगणात उतरवून आधी ते स्वतःच बसले, आणि त्यांचं पोट मध्ये आलं. ते उतरले आणि हसत म्हणाले, "झालं आमचं. ही रेश्माची."

रेश्मा त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजात जाणारी, उंच, कमी बोलणारी. ती त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणते. आबांनी तिला माझ्यावर बसवलं आणि गवंड्याचा ओळंबा तिच्या गुडघ्यापासून खाली सोडून सीट किती वर, किती मागं ते ठरवलं. मग करवत घेऊन माझ्या हँडलच्या पुढच्या नळ्या तिच्या हाताच्या मापानं कापल्या. खरं सांगते, मी त्या वेळी घाबरले होते. पण काम झाल्यावर आबा म्हणाले, "आता ही दुसऱ्या कुनाच्या कामाची न्हाई." मला त्याचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. इतकी वर्षं मी सगळ्यांची शोभा होते, आता एकीची सायकल झाले होते.

रेश्माची आई मनुबाई यांना मात्र मी सुरुवातीपासून आवडले नाही. गोठ्यात म्हैस आणि घराच्या पुढच्या सोप्यात मी, अशी त्या आमची तुलना करायच्या. "दूद न्हाई, शेण न्हाई, आन रोज कापडानं पुसायची. कसलं जित्राब आनलंय ह्यांनी," असं त्या म्हणायच्या. त्यांनी कधी मला हात लावला नाही.

आमचा सराव पहाटे चालायचा. आमच्या शर्यतीत सुटायच्या आधीच स्वाराचे दोन्ही पाय पेडलवर अडकवलेले असतात, म्हणून मागून कोणीतरी सीट धरून उभं राहावं लागतं. धक्का द्यायचा नाही, फक्त धरायचं आणि वेळ झाली की सोडायचं. आबा तसे उभे राहायचे. त्यांचा उजवा हात माझ्या सीटखाली असायचा आणि अंगठा नेहमी एकाच जागी दाबलेला असायचा. ते हळूच म्हणायचे, "सोडली." मग आम्ही निघायचो आणि आबा मोटारसायकलवरून लांबून मागं यायचे. एक दिवस रेश्मा राज्याच्या निवडीच्या शर्यतीत सुटेल आणि आपण तिची सीट धरलेली असेल, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी लपवली नाही, दुधाच्या डेअरीवर उभे राहूनसुद्धा सांगत असत.

आता माझ्या हँडलच्या टेपबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच आहे. हात घसरू नयेत म्हणून हँडलच्या नळीवर एक मऊ पट्टी घट्ट गुंडाळतात. तिला टेप म्हणतात. आबांचा एक नेम होता. होळी झाली की दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, ते जुनी टेप सोडायचे आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. नळी ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्यानं, बोटं फिरवून कुठं खरबरीत लागतंय का ते बघायचं आणि नवी निळी टेप गुंडाळायची. एकदा रेश्मा म्हणाली, "आबा, चांगली हाय की ही. कशाला टाकताय?"

आबा म्हणाले, "पलटनीत आमी बंदूक रोज उगडून पुसायचो. काल पुसली म्हनून आज सोडायची न्हाई. भायेरनं चकाकतीया म्हंजे आतनं बरी असंल, असं नसतंय बाळा."

त्यानंतरच्या पौषात एका सकाळी उसाला पाणी देऊन येताना आबांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना कराडला नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. त्या दिवशी मी सोप्यात उभी होते. पुष्कळ माणसं आली आणि गेली. कोणीतरी मला अडचण होते म्हणून गोठ्यात नेऊन ठेवलं. तिथं म्हशीजवळ मी तेरावा होईपर्यंत होते.

चौदाव्या दिवशी रेश्मा आली. तिनं मला पुसलं नाही, हवा बघितली नाही. हँडलवरच्या निळ्या टेपवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच उभी राहिली. आबांनी ती टेप मागच्या धुळवडीला गुंडाळली होती. एकेक वेढा त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवला होता. रेश्माच्या तळव्याला त्या अंगठ्याच्या खुणा लागत होत्या. ती खूप वेळ रडली आणि मीही, सायकलीला जेवढं जमतं तेवढं, तिच्या भारानं थोडी वाकले.

मग होळी आली. कराडचे अजीमभाई धुळवडीला घरी आले. त्यांचं बाजारात सायकलींचं दुकान आहे आणि आबांवर त्यांचा फार जीव होता. येताना त्यांनी निळ्या टेपची नवी जोडी आणली होती. "काकांचा नेम हाय," ते म्हणाले. "आज बदलायची आसती."

रेश्मा माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "ही न्हाई काडायची अजीमभाई. ही आबांच्या हातची हाय."

अजीमभाईंनी नवी टेप खिशात परत ठेवली. वर्षाच्या आत ज्याच्या घरात माणूस गेलंय तिथं कोण हट्ट करणार? मनुबाईंनी त्यांना चहा दिला आणि ते गेले.

आता आमच्या मागं मोटारसायकल घेऊन येणारं कोणी उरलं नव्हतं. मनुबाईंनी रेश्माला एकटीनं रस्त्यावर जायला बंदी केली. तेव्हा अजीमभाईंनी एक ट्रेनर दिला. म्हणजे एक लोखंडी घोडी असते, तिच्यावर मागचं चाक बसवायचं आणि जागच्या जागी सायकल मारायची. सोप्यावर पत्रा आहे. चैत्र-वैशाखात तिथं कसं तापतं ते सातारा-सांगलीकडच्या मुलांना सांगायला नको. रस्त्यावर घाम आला तर वारा तो वाळवतो. सोप्यात वारा नव्हता. रेश्माच्या कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप माझ्या हँडलवर पडायचा आणि टेपमध्ये मुरायचा. कधी कधी तो नुसता घाम नसायचा. ती मान खाली घालून सायकल मारायची, त्यामुळे मनुबाईंना ते दिसत नव्हतं. मला मात्र दोन्ही सारखंच खारट लागत होतं.

फक्त रविवारी ती रस्त्यावर यायची. अजीमभाई आणि इंजिनिअरिंग कॉलेजचे वीरधवल सर बरोबर असले की मनुबाई नाही म्हणत नसत. परतताना हायवेच्या कडेच्या रसवंतीवर सगळे थांबायचे. आम्हा सायकलींना कडुनिंबाला टेकवायचे आणि बाकावर गप्पा चालायच्या. त्या गप्पा मला फार आवडायच्या, कारण निम्म्या माझ्याबद्दल असायच्या.

"उन्हाळ्यात सायकल म्हंजे पाचला निगायचं आन आटच्या आत घरात," अजीमभाई म्हणाले. "त्येच्या फुडं डांबर चाकाला चिकटतंय."

"मला एक कळत नाही," सर म्हणाले, "या टीटीवर पाणी प्यायचं कसं? हात काढला की तोल गेलाच."

"हातांच्या मधी बाटली बसवायची सर," रेश्मा म्हणाली. "मान खाली केली की नळी तोंडात. हात हलवायचाच न्हाई."

"म्हणजे पाणीसुद्धा झोपून प्यायचं. मी घेऊ का अशी एखादी?"

"सर, तुमचा गुडगा साद्या सायकलीवर पोटाला लागतोय," अजीमभाई म्हणाले. "टीटीवर हनुवटीला लागंल. आन पाट बगा तुमची. समद्या सोलापूर जिल्ह्याचा नकाशा उमटलाय मिटाचा."

सगळे हसले. सरांच्या काळ्या जर्सीवर घाम वाळून खरंच पांढरे डाग पडले होते. सर म्हणाले, "हसू नका. मीठ वाईट. तुम्ही लोक घरात ट्रेनर मारता, तो घाम टेपखाली जातो आणि आत अॅल्युमिनियम खात बसतो. वरून कळतसुद्धा नाही. आमच्या लॅबमध्ये मी मुलांना एकदा..."

"सर, लॅब ऱ्हाऊ द्या, रस कोमट व्हाय लागलाय."

पुन्हा सगळे हसले, सरसुद्धा हसले. सरांचं असंच होतं. चाकात हवा किती, चेनला तेल कुठलं, लिंबूसरबतात मीठ किती, असं ते दर रविवारी इतकं सांगायचे की त्यातलं कुठलं लक्षात ठेवायचं हे कोणाला कळत नसे. पण रेश्मा हसली नव्हती. ती उठून माझ्याजवळ आली आणि टेपवर हात ठेवून म्हणाली, "माज्या टेपला काय बी झालेलं न्हाई." ती टेप कोणाच्या हातची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी ग्लास ठेवला आणि पावसाचा विषय काढला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या आत चुरचुर सुरू झाली होती. मला कळत होतं, पण सांगणार कसं? आम्हाला करकरण्यापलीकडं दुसरी भाषा येत नाही. मी करकरले. रेश्मानं पेडलला तेल दिलं. मी पुन्हा करकरले, तेव्हा अजीमभाईंनी सीटचा खांब काढून ग्रीस लावलं. दोघांनी मला नखशिखांत तपासलं. फक्त टेप सोडून.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुवून पुजतात. रेश्मानं मलाही विहिरीवर नेलं. अजीमभाईही आले होते. धुवायच्या आधी दोघांनी काय केलं असेल? टेपला पाणी लागून ती सुटेल म्हणून अजीमभाईंनी हँडलला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि ती पिशवी रेश्मानं दोऱ्यानं आवळली. बाकी मला चोळूनमोळून धुतलं. एका बादलीत साठलेलं मीठ निघून गेलं असतं, पण ते पिशवीच्या आत सुरक्षित राहिलं. मग माझ्या हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. माझी इतकी बडदास्त पूर्वी कधी झाली नव्हती. ज्या टेपचा आबा वर्षाला एकदा विचार न करता कचरा करायचे, तिची त्या दिवशी पूजा झाली.

पुढची होळीही तशीच गेली. त्यानंतर एप्रिलमध्ये मिरजेजवळच्या रस्त्यावर राज्याच्या निवडीची शर्यत ठरली. आबांची शर्यत. रेश्मानं त्यासाठी अख्खं वर्ष पत्र्याखाली घालवलं होतं. आदल्या संध्याकाळी ती मनुबाईंना म्हणाली, "आई, आबांचा हात माज्या हाताखाली असनार हाय. तू घोर लावून घिऊ नगंस." मनुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

सकाळी अजीमभाईंनी सीट धरली. त्यांचा अंगठा आबांच्या जागी नव्हता, थोडा अलीकडं होता. "काका आसते तर," एवढंच ते म्हणाले आणि वेळ झाल्यावर त्यांनी सोडलं.

मी माझ्या आयुष्यात तशी कधी पळाले नाही. जाताना रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा होत्या. रेश्माचा श्वास एका लयीत चालला होता. वळायच्या खुणेपाशी उभ्या माणसानं घड्याळ बघून भुवया उंचावल्या. ती सगळ्यांच्या पुढं होती. आम्ही वळलो. वळल्यावर वेग पुन्हा वाढवायला स्वार सीटवरून उठतो आणि हँडल सगळ्या ताकदीनं वर ओढतो. रेश्मानं तसंच ओढलं, आणि माझ्या हँडलचं उजवं शिंग तुटलं.

ती उजव्या कोपरावर पडली. मी तिच्यावर पडले. नळी तुटली होती, पण टेप तुटली नव्हती. हँडलचा तुकडा त्या निळ्या टेपला लोंबकळत होता.

आमच्या शर्यतीत शेजारी कोणी नसतं, हे मी तुम्हाला अभिमानानं सांगितलं होतं. त्या उन्हात रस्त्यावर पडल्यावर मला त्याची लाज वाटली. मग मागून सुटलेली मुलगी आली. ती सांगलीची रुमाना. तिला नुसतं बाजूनं पुढं जाता आलं असतं, नियमात ते बसत होतं. ती थांबली. स्वतःची सायकल रस्त्यावर टाकून ती रेश्माच्या डोक्याशी अशी बसली की तिची सावली तोंडावर पडावी, आणि बाटलीतलं पाणी तिनं ओठांना लावलं. "हलू नगंस गं," ती म्हणत होती, "हाय मी हितं." रुमानाची त्या वर्षीची निवड हुकली ती हुकलीच.

मिरजेच्या दवाखान्यात रेश्माच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. अजीमभाईंनी मला त्यांच्या मिरजेच्या मेव्हण्याच्या घरी नेलं आणि अंगणात बसून ती टेप सोडली. प्रत्येक वेढ्याबरोबर पांढरी पूड सांडत होती. आतली नळी वाळवी लागलेल्या लाकडासारखी खाल्लेली होती. अजीमभाईंनी तो तुकडा हातात घेतला. "पिशवी मीच बांदली," ते एकटेच म्हणाले. त्यांना तिथं ऐकणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

दवाखान्यात रेश्मानं ती टेप मागून घेतली. तिचं पुढचं मला अजीमभाई सरांना सांगत होते तेव्हा कळलं. तिनं डाव्या हातानं टेप नाकाशी नेली. मग म्हणाली, "अजीमभाई, ह्यात आबांचं काय बी न्हाई उरलं. समदा माजाच घाम हाय."

डॉक्टरांनी हात वाचवला, पण कोपर पूर्ण वाकत नाही. माझ्यावर बसायला दोन्ही कोपरं दुमडून गाद्यांवर टेकावी लागतात. रेश्मा आता साधी सायकल चालवते, बाजारात जाते, हसतेही. माझ्यावर मात्र ती बसू शकत नाही. आणि मी तर तिच्या मापानं कापलेली. अजीमभाईंनी कोणी न सांगता मला नवं हँडल बसवलं, त्याच्याही नळ्या जुन्या मापानं कापल्या, आणि मग मला सोप्यातल्या खुंटीला टांगलं. पुण्याच्या भिंतीवर होते तेव्हा मला कंटाळा यायचा. इथं कंटाळा येत नाही, वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाच्या हातची एखादी वस्तू असेल. तिच्यावर माया करा, पण तिला हात लावायला घाबरू नका. ती सोडा, पुसा, आत बघा आणि झिजली असेल तर बदला. ज्यानं ती केली त्याला नवी करता येत होती, म्हणून तर तो ती करत होता. मला हे फार उशिरा आणि फार मोठ्या किमतीला कळलं. आतली चुरचुर सांगायला तोंड असतं तर ती त्या रसवंतीवरच सांगितली असती.

यंदा धुळवडीला रेश्मानं मला खुंटीवरून उतरवलं. आबांच्या फोटोमागं ठेवलेली जुनी निळी टेप तिनं काढली, क्षणभर धरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्यावर बसणारं कोणी नाही, तरी तिनं नवं हँडल ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. बोटं फिरवून बघितलं. टेप गुंडाळायला मात्र तिला जड जात होतं, उजवा हात पुरत नव्हता आणि मी सारखी हलत होते. मनुबाई चुलीपुढून उठल्या. पदराला हात पुसून त्या माझ्या मागं आल्या आणि त्यांनी माझी सीट धरली. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला.

रेश्मानं दोन्ही बाजूंची टेप पुरी केली. शेवटचा वेढा अंगठ्यानं दाबला आणि म्हणाली, "झालं आई. सोड आता."

मनुबाईंचा अंगठा सीटखाली होता, अगदी त्याच जागी.

"ऱ्हाऊ दे गं जरा," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात हितंच असायचा."